कूलर मे महिन्यात पास, जुलैत नापास

जुलैचा दुसरा आठवडा होता. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यातच गाठलं. "काहून रे, कूलर तोच, मोटर तीच, ताट्या तर औंदा नव्या टाकल्या. मे मध्ये रात्री चादर घ्यावी लागे, अन् आता नुसतं चिकचिक होते. पंप गेला का बाप्पा?"

वर जाऊन पाहिलं. पंप ठणठणीत, ताट्या वरपासून खालपर्यंत ओल्या, पंखा जोरात. कूलरमध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं. बदलली होती ती खिडकीबाहेरची हवा. एवढ्यावर काकूंचं समाधान झालं नाही, आणि व्हायलाही नको होतं. या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं तर पाणी मुळात द्रव का असतं, त्याची वाफ होते म्हणजे काय होतं आणि त्यात उष्णता कुठे गडप होते, इथपर्यंत जावं लागतं. चहा होईपर्यंत जमलं तेवढं त्यांना सांगितलं. राहिलेलं इथे लिहितो.

उष्णता जाते कुठे

लिटरभर पाणी पातेल्यात घेऊन गॅसवर ठेवा. पाणी सुरुवातीला ३० अंशांचं आहे असं धरू. ज्योत तशीच ठेवली आणि पाच मिनिटांत उकळी फुटली, तर तेच पाणी पूर्ण आटून पातेलं कोरडं व्हायला किती वेळ लागेल? बहुतेक जण आठ-दहा मिनिटं म्हणतात. हिशेबाने उत्तर येतं सुमारे ३८ मिनिटं. आणि या सगळ्या वेळात थर्मामीटर बुडवून ठेवला तर पारा उकळीच्या आकड्यावर चिकटून बसलेला दिसेल. खाली गॅस जळतोय, उष्णता पाण्यात जातेय, पण तापमान ढिम्म हलत नाही.

शाळेच्या पुस्तकात याला 'अप्रकट उष्मा' म्हणतात. नाव अगदी नेमकं आहे: उष्णता आत शिरली, पण थर्मामीटरला ती दिसली नाही. ही गोष्ट पहिल्यांदा नीट मोजली ती स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी, १७६० च्या दशकात, ग्लासगोमध्ये. त्यांचा तर्क साधा होता. बर्फ शून्य अंशाला पोचल्याबरोबर थोड्याशा उष्णतेने सगळाच्या सगळा वितळत असता, तर थंड देशांत ऊन पडलं की डोंगरावरचा बर्फ एका दुपारी पाणी होऊन गावंच्या गावं वाहून नेली असती. तसं होत नाही. बर्फ आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. म्हणजे तापमान न वाढवताही त्याला भरपूर उष्णता प्यावी लागत असणार.

किती, ते आकड्यांत बघा, कारण पुढचं सगळं या आकड्यांवर उभं आहे. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला एक कॅलरी लागते. एक ग्रॅम बर्फाचं शून्य अंशावरच पाणी करायला ८० कॅलरी. आणि एक ग्रॅम उकळत्या पाण्याची त्याच तापमानावर वाफ करायला ५४०. शेवटचा आकडा लक्षात ठेवा.

आता ही उष्णता करते काय? पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात. उष्णता आली की तिच्यापुढे दोन कामं असतात: रेणूंची धावपळ वाढवायची, किंवा त्यांनी एकमेकांचे धरलेले हात सोडवायचे. धावपळ वाढली की थर्मामीटर चढतो. हात सोडवण्यात खर्च झालेली उष्णता थर्मामीटरला कळतच नाही.

घन, द्रव आणि वायू यांतला फरकही या हातांचाच आहे. घन पदार्थ म्हणजे शाळेच्या मैदानावर कवायतीला उभी असलेली मुलं. हात हलतात, मान हलते, पण पाय आखून दिलेल्या चौकोनातून हलत नाहीत. द्रव म्हणजे नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालातून निघालेल्या मारबतीच्या मिरवणुकीतली गर्दी. खांद्याला खांदा भिडलेला, मध्ये सुई घालायला जागा नाही, तरी प्रत्येक जण सरकतोय; आत्ता शेजारी असलेला माणूस दोन मिनिटांनी कुठे गेला पत्ता नाही. वायू म्हणजे भर दुपारचं कस्तुरचंद पार्क. दहा पोट्टे अख्ख्या मैदानात वाट्टेल तिकडे धावताहेत, एकमेकांशी संबंध फक्त टक्कर झाली तर.

या उदाहरणातून एक गोष्ट लगेच निघते. कवायत आणि मारबत, दोन्हींत माणसं जवळपास तेवढ्याच जागेत मावतात, म्हणून घनाचा द्रव होताना आकारमान फारसं बदलत नाही. वायू होताना मात्र कहर होतो: एक लिटर पाण्याची उकळत्या तापमानाला साधारण १,६७० लिटर वाफ होते. बर्फ वितळवायला ८० आणि वाफ करायला ५४० का, याचंही उत्तर इथेच आहे. वितळताना हात थोडे सैल करायचे असतात. वाफ होताना ते पार सोडायचे असतात.

पाण्याच्या बाबतीत हे हात फारच घट्ट आहेत. अंडं कुजल्यावर ज्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड वायू पाण्याचा चुलतभाऊच म्हणायचा. ऑक्सिजनच्या जागी गंधक, बाकी रचना तीच. त्याचा रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा जवळजवळ दुप्पट जड आहे, तरी तो उणे ६० अंशांलाच उकळतो. हलकं पाणी मात्र १०० अंशांपर्यंत दम धरतं. पाण्याच्या एका रेणूतला हायड्रोजन शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनकडे ओढला जातो, त्या ओढीला हायड्रोजन बंध म्हणतात. ही ओढ नसती तर अंबाझरी आणि फुटाळा हे तलाव नसून नुसते खड्डे असते.

काकूंचा कूलर

उकळणं आणि बाष्पीभवन यांची गल्लत होते, ती आधी सोडवू. पाण्याची वाफ व्हायला ते उकळावंच लागतं असं नाही. दोरीवरचे कपडे शंभर अंश न गाठताच वाळतात. द्रवातले सगळे रेणू एकाच वेगाने धावत नसतात. काही आळशी, बरेच मध्यम, थोडे भलतेच चपळ. पृष्ठभागाजवळचे चपळ रेणू शेजाऱ्यांचे हात झटकून हवेत निसटतात. मागे उरतात ते मंद. वर्गातले हुशार पोट्टे उन्हाळ्यात मामाच्या गावाला गेले तर उरलेल्या वर्गाची सरासरी जशी घसरते, तशी उरलेल्या पाण्याची सरासरी ऊर्जा घसरते. म्हणजेच पाणी थंड होतं.

माठ यावरच चालतो. भाजलेल्या मातीची भोकं इतकी बारीक की पाणी गळत नाही, फक्त पाझरतं, आणि बाहेरच्या बाजूला येऊन उडून जातं. उडून जाणारा प्रत्येक ग्रॅम मागच्या पाण्यातली साडेपाचशेहून जास्त कॅलरी उष्णता घेऊन जातो (उकळण्यापेक्षा कमी तापमानाला हा आकडा थोडा वाढतो, ५८० च्या घरात जातो). दोन-तीन उन्हाळ्यांनी जुना माठ "पाणी थंड करत नाही" अशी तक्रार येते, कारण पाण्यातले क्षार त्या भोकांत बसून ती बुजवतात. बाहेरून तेलरंग दिलेले नक्षीदार माठ बाजारात दिसतात. दिसायला सुरेख, थंडाव्याच्या दृष्टीने ते स्टीलच्या टाकीचे सख्खे भाऊ.

कूलर म्हणजे पंखा लावलेला माठ. पंप वरून पाणी सोडतो, ते खसच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्यांतून झिरपतं, पंखा बाहेरची कोरडी हवा त्यातून ओढतो. ताटीतलं पाणी उडतं, त्यासाठी लागणारी उष्णता त्याच हवेतून खेचतं, आणि हवा गार होऊन खोलीत येते. मोठा लोखंडी कूलर नागपूरच्या मेमध्ये तासाला दहा लिटर पाणी सहज पितो. दहा लिटर पाणी तासाभरात उडालं तर ते सुमारे पावणेसात किलोवॉट दराने उष्णता शोषतं. दीड टनाच्या एसीची क्षमता सव्वापाच किलोवॉट असते. अर्थात ही तुलना थोडी लबाड आहे, हे मीच सांगतो. एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा गार करतो, कूलरला दर मिनिटाला बाहेरची भट्टीसारखी हवा गार करावी लागते. पण कूलरला वीज लागते ती फक्त पंख्याची आणि पंपाची. बाकीचं काम पाणी फुकटात करतं.

मात्र कूलर हवा किती गार करू शकेल याला एक तळ असतो. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वाऱ्यात धरलं की पारा जिथे थांबतो, तो हा तळ. याला 'ओल्या फुग्याचं तापमान' म्हणतात. हवा जितकी कोरडी, तितका तो खाली. आता नवतपातली, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांतली, दुपार घ्या: हवा ४५ अंश, आर्द्रता १५ टक्के. ओल्या फुग्याचा पारा येतो २४ अंशांच्या आसपास. म्हणजे कूलरला खेळायला २१ अंशांची उतरण आहे. त्यातली तीन-चतुर्थांश जरी मिळाली तरी खोलीत तिशीच्या आतली हवा येते. जुलैची संध्याकाळ घ्या: हवा ३१ अंश, आर्द्रता ८० टक्के. ओल्या फुग्याचा पारा २८. उतरण फक्त तीन अंश! ४५ अंशांच्या दुपारी जो कूलर शर्यत जिंकतो, तो ३१ अंशांना हरतो तो इथे.

हवा ओली असली की घडतं ते असं. पाण्यातून रेणू निसटत असतातच, पण हवेत आधीच तरंगणारे पाण्याचे रेणू जवळजवळ तेवढ्याच वेगाने परत येऊन पाण्यात घुसत असतात. जाणारे आणि येणारे सारखे झाले की हिशेब शून्य. वर दिलेल्या दोन दिवसांची तुलना केली तर जुलैच्या हवेत मेपेक्षा अडीच पट पाणी आहे. कूलरला नुसती उष्ण हवा नको असते, तहानलेली हवा हवी असते.

म्हणूनच मेमध्येसुद्धा दारं-खिडक्या गच्च बंद करून आत कूलर लावला तर तासाभरात खोलीचा जुलै होतो. ओली झालेली हवा बाहेर जायला वाट हवी. जुन्या नागपूरकरांनी कूलर खिडकीच्या बाहेर स्टँडवर ठेवायची पद्धत पाडली, ती या कारणाने अगदी बरोबर आहे.

आणि टाकीत बर्फ टाकणाऱ्यांसाठी एक हिशेब. पाच किलो बर्फ टाकला. तो वितळून टाकीच्या तापमानाला येईपर्यंत जेवढी उष्णता शोषेल, तेवढी उष्णता ताटीतून एक लिटरपेक्षाही कमी पाणी उडालं तरी शोषली जाते. म्हणजे कूलर जे काम पाच-सहा मिनिटांत स्वतःच करतो, त्यासाठी तुम्ही बर्फाच्या लादीचे पैसे मोजलेत. लोकांना पटत नाही हे. माझ्या सख्ख्या मामांना पटलेलं नाही.

आपलं अंग हाही एक कूलरच. एक लिटर घाम पूर्ण उडाला तर साठ किलोच्या माणसाचं तापमान अकरा अंशांनी चढवू शकेल एवढी उष्णता तो घेऊन जातो. अट एकच: घाम उडाला पाहिजे. टपकून जमिनीवर पडलेला घाम वाया. मुंबईचा ३४ अंशांचा घाम अंगावरच चिकटून राहतो आणि नागपूरचा ४४ अंशांचा घाम दिसतसुद्धा नाही, यामागे हेच आहे. घाम दिसत नाही म्हणून तो येत नाही असं मात्र समजू नका. इथल्या उन्हात बाहेर फिरणारा माणूस तासाला लिटरभर पाणी सहज गमावू शकतो आणि त्याला पत्ताही लागत नाही. डोक्याला दुपट्टा आणि हातात पाण्याची बाटली, हा इथला गणवेश उगाच नाही. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. (मे २०२४ मध्ये एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि त्या संध्याकाळी सगळ्या शहराचे फोन वाजत होते. नंतर तो संवेदकाचा दोष निघाला. आकडा खोटा होता, पण त्या दिवशी कोणालाही तो अशक्य वाटला नाही, यातच सगळं आलं.)

बर्फ

एसीचा 'टन' म्हणजे एसीचं वजन, असं समजणारे भेटतात. तो टन बर्फाचा आहे. यंत्रं यायच्या आधी इमारती बर्फाच्या लाद्यांनी गार करत. चोवीस तासांत एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो, बर्फ वितळताना जी उष्णता शोषतो, त्या दराला 'एक टन' म्हणायचं ठरलं. दीड टनाचा एसी म्हणजे रोज साडेतेराशे किलो बर्फ खोलीत वितळवण्याएवढं काम. एसी आणि फ्रिजच्या नळ्यांतही अवस्थांतरच चालतं. आतला द्रव खोलीत वायू होताना उष्णता पितो आणि बाहेर दाबाखाली पुन्हा द्रव होताना ती ओकतो. तो द्रव हवेत सोडून द्यायचा नसतो, म्हणून बाहेरची हवा ओली की कोरडी याची एसीला पर्वा नाही, आणि म्हणून तो जुलैत पास होतो.

बर्फाची खरी विचित्र गोष्ट म्हणजे तो पाण्यावर तरंगतो. बहुतेक पदार्थांत घन रूप द्रवापेक्षा जड असतं. डब्यात तूप थिजताना बघा, आधी थिजलेले कण तळाशी जाऊन बसतात. पाणी गोठताना मात्र प्रत्येक रेणू बरोबर चार शेजाऱ्यांना धरून उभा राहतो आणि मध्ये पोकळ षटकोनी जाळी तयार होते. कवायतीत हात पसरून उभं राहायला सांगितलं तर मारबतीच्या गर्दीपेक्षा जास्त जागा लागणार, तसं. आकारमान नऊ टक्के वाढतं. फ्रीजरमध्ये काठोकाठ भरून ठेवलेली काचेची बाटली फुटते ती याने.

बर्फाच्या गोळ्याची गाडी हीसुद्धा एक प्रयोगशाळा आहे. किसलेला चुरा मुठीत दाबला की त्याचा घट्ट गोळा होतो, काडीवर टिकतो. दहावीच्या पुस्तकात 'पुनर्हिमायन' आहे: दाबाने बर्फ वितळतो आणि दाब काढला की पुन्हा गोठतो. तारेला वजनं बांधून बर्फ कापायच्या प्रयोगात तारेखालचा दाब मोठा असतो, तिथे हे काही प्रमाणात खरं. पण दाबाने द्रवणांक (वितळायचं तापमान) उतरतो तो हवेच्या नेहमीच्या दाबाएवढा दाब वाढवला तर अंशाचा शंभरावा भागसुद्धा नाही. गोळेवाल्याच्या मुठीत एवढा जोर कुठून येणार? मायकेल फॅरेडे यांनी १८५० मध्ये वेगळीच कल्पना मांडली आणि ती टिकली: बर्फाच्या पृष्ठभागावर, शून्याच्या खालीसुद्धा, द्रवासारखा अतिपातळ थर असतो. वरच्या रेणूंना एका बाजूने शेजारीच नसतात, त्यामुळे त्यांची पकड ढिली. दोन कण एकमेकांना भिडले की तो थर आता 'आतला' होतो आणि गोठतो. गोळा चिकटतो तो असा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात गारपीट होते आणि संत्र्याचा आंबिया बहार, हरभरा, गहू झोडपून निघतात. त्या गारा ज्या पाण्यापासून होतात ते पाणी ढगात शून्याच्या बरंच खाली जाऊनही द्रवच राहिलेलं असतं. गोठायला सुरुवात करायला रेणूंना कोणीतरी रांग लावून द्यावी लागते: धुळीचा कण, बर्फाचा कण, काहीही. शुद्ध थेंबाला तो आधार मिळाला नाही तर तो उणे ३५-४० अंशांपर्यंत तसाच तग धरू शकतो. अशा थेंबातून एखादी बारीक गार गेली की थेंब तिला चिकटून क्षणात गोठतो, आणि वरखाली होणाऱ्या वाऱ्यात गार थरावर थर चढवत मोठी होते. शून्य अंशाला पाणी गोठतं, हे अर्धंच वाक्य झालं. शून्य अंशाला ते गोठू शकतं.

पाक, लिमलेट आणि डांबर

द्रवाचे दोन गुण रोज हाताखालून जातात. एक पृष्ठताण: पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या रबरासारखा वागतो, कारण वरच्या थरातल्या रेणूंना फक्त आत आणि बाजूला ओढ असते. थेंब गोल होतो तो याने, तलावावर किडे चालतात ते याने. साबण हा ताण कमी करतो, म्हणून पाणी कपड्याच्या धाग्यांत शिरतं. एवढं पुरे.

दुसरा गुण श्यानता, म्हणजे वाहायला होणारा विरोध, आणि त्यातले खरे जाणकार हलवाई. पाकात दोन बोटं बुडवून उघडली की एक तार, दोन तार, मग गोळीबंद. साखरपाणी उकळत राहतं तसं पाणी उडून जातं, साखरेचं प्रमाण वाढतं, आणि उकळीचं तापमान वर सरकतं. शुद्ध पाण्यासारखं ते शंभरावर अडकून राहत नाही. गोळीबंद पाक सुमारे ११२ ते ११६ अंशांना उकळत असतो. हलवाई बोटांनी जे मोजतो ती श्यानता, आणि तिच्यावरून तो न मोजलेलं तापमान ओळखतो. थर्मामीटर हा त्याला अपमान वाटतो, आणि त्याचं चुकत नाही.

त्याच साखरेचे दोन घन बघा. खडीसाखर आणि लिमलेटची गोळी. खडीसाखरेत रेणू ओळीने रचलेले आहेत, म्हणून तिला सपाट बाजू आणि ठरावीक कोन. लिमलेटच्या गोळीत पाक इतका झटकन थंड केला की रेणूंना रांग लावायला वेळच मिळाला नाही. गर्दी होती तशी थिजली. अशा घनाला काचरूप म्हणतात, आणि खिडकीची काच तशीच. स्फटिकाला ठरावीक द्रवणांक असतो: खालच्या तापमानाला पक्का घन, वर गेला की द्रव. काचरूप घन मात्र हळूहळू मऊ होत जातो, त्याची अशी एक रेषा नाही. (जुन्या वाड्यांच्या काचा खाली जाड असतात कारण काच शेकडो वर्षांत ओघळते, असं सांगतात. खोटं आहे. पूर्वी काच सपाट बनतच नसे.)

रस्त्यावरचं डांबर त्याच जातीचं. डिसेंबरच्या पहाटे त्याचा ढेकूळ हातोड्याने मारला तर टवका उडतो. मेच्या दुपारी, जेव्हा काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी जास्त तापलेला असतो, तेव्हा चपलेला चिकटतं. घन की द्रव? ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड विद्यापीठात १९२७ पासून एक प्रयोग सुरू आहे. काचेच्या नरसाळ्यात डांबरासारखा पदार्थ ठेवला आहे आणि त्याचे थेंब पडायची वाट बघताहेत. नववा थेंब पडला २०१४ मध्ये. तर तो द्रवच, फक्त आपल्याला धीर नाही.

कुकर आणि कोराडी

पाणी १०० अंशांना उकळतं, हेही अर्धंच वाक्य. पाण्यातल्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा झाला की आत बुडबुडे टिकू लागतात, आणि त्यालाच उकळणं म्हणतात. बाहेरचा दाब कमी असला तर उकळी लवकर येते. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर आहे, इथे पाणी ९९ अंशांना उकळतं. चिखलदऱ्याला, ११०० मीटरवर, ९६ ला. तिथे उघड्या पातेल्यात तुरीची डाळ शिजायला वेळ लागतो ते सरपण ओलं असल्यामुळे नाही. उकळणाऱ्या पाण्याचं तापमानच कमी आहे, आणि खाली कितीही जाळ घातला तरी ते वाढत नाही. कुकर याच्या उलट करतो. शिटीच्या वजनाने आतला दाब दुप्पट होतो, उकळीचं तापमान १२० अंशांवर जातं आणि डाळ तीन शिट्यांत शिजते.

शिटीतून निघणारा पांढरा लोट म्हणजे वाफ नव्हे. खरी वाफ दिसत नाही. शिटीच्या तोंडाशी बोटभर जागा रिकामी दिसते ना, तिथे वाफ आहे. पुढचा पांढरा भाग म्हणजे थंड होऊन पुन्हा झालेले पाण्याचे थेंब. त्या न दिसणाऱ्या जागेत बोट घालू नका: शंभर अंशांचा एक ग्रॅम वाफ कातडीवर पाणी होताना आधीचे ते ५४० परत करतो आणि मग गरम पाण्याने देतो तो चटका वेगळा. वाफेचं भाजणं पाण्याच्या भाजण्यापेक्षा वाईट, ते म्हणून.

आता दाब वाढवतच गेलो तर? उकळीचं तापमान चढत जातं, वाफ दाट होत जाते, पाणी पातळ होत जातं. शेवटी ३७४ अंश आणि वातावरणाच्या दाबाच्या २१८ पटीला दोघांत फरकच उरत नाही. द्रव आणि वायू यांच्यातली सीमा तिथे संपते. याला क्रांतिक बिंदू म्हणतात, आणि तो बघायला फार लांब जायला नको. कोराडीच्या औष्णिक केंद्रातले ६६० मेगावॉटचे तीन संच या बिंदूच्या पलीकडे चालतात. त्यांच्या बॉयलरच्या नळ्यांत पाणी शिरतं आणि झोत होऊन बाहेर पडतं, पण मध्ये ते कुठेही उकळत नाही. बुडबुडा नाही, पाण्याची पातळी नाही. जास्त तापमान आणि दाब वापरता येतो म्हणून तेवढ्याच कोळशात वीज जास्त मिळते.

टर्बाइन फिरवून झाल्यावर ती वाफ पुन्हा पाणी करावी लागते, आणि तेव्हा तिच्यात दडलेली उष्णता कुठेतरी टाकावीच लागते. त्यासाठी ते अवाढव्य काँक्रीटचे मनोरे आहेत, ज्यांच्या डोक्यावर पांढरे ढग दिसतात. आत गरम पाणी वरून पडतं, खालून हवा चढते, थोडं पाणी उडतं आणि बाकीचं गार होतं. म्हणजे काकूंच्या खिडकीतलंच यंत्र, फक्त उंची काही मजल्यांची. आणि त्यासाठी लागणारं पाणी बरंचसं आपलंच आहे: नागपूरचं सांडपाणी शुद्ध करून कोराडीला पाठवतात. मोरीतून गेलेलं पाणी मनोऱ्यावरून ढग होऊन जातं.

काकूंना हे सगळं सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की आता दिवाळीपर्यंत पंप बंद ठेवा, ताट्या वाळू द्या, नुसता पंखा चालवा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. चालत्या हवेत घाम जेवढा उडेल तेवढाच गारवा.

काकूंनी पंपाचं बटण बंद केलं, दोन मिनिटं हवेसमोर उभ्या राहिल्या. मग टाकीत वाकून बघितलं. "अन् हे पाणी? आठ दिवसांचं आहे."

ते आत्ताच काढून टाका म्हटलं. त्यात अळ्या दिसत होत्या.